तरणतलावाचं टेस्टकिट: नळ्या, प्रोब आणि थेंबांच्या बाटल्यांची निगा

पंपरूम

सोसायटीच्या किंवा क्लबच्या तलावावर आकडे जुळेनासे झाले की पहिला संशय किटवर जातो आणि नवं किट मागवलं जातं. बऱ्याचदा किटात काही खोट नसते. आदल्या चाचणीचा अंश नळीत, झाकणात किंवा गोळी कुटायच्या काडीवर उरलेला असतो. म्हणून हा धागा फक्त साधनांची सफाई आणि साठवण यावर. मात्रा किती द्यायची, फिल्टर कधी धुवायचा, ते इथे नको.

आधी चूक किती महागात पडते ते बघू. १२ बाय ६ मीटरचा, सरासरी १.२ मीटर खोलीचा तलाव म्हणजे ८६,४०० लिटर पाणी. किटने मोकळं क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेलं) १ पीपीएमने (लिटरमागे १ मिलिग्रॅम) कमी दाखवलं तर ऑपरेटर त्यात ८६ ग्रॅम क्लोरीन जास्तीचं टाकणार, म्हणजे १० टक्के ताकदीचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) साधारण ८६० मिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोकळं क्लोरीन ३ पीपीएमच्या वर जाऊ नये आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. २ वर असलेला तलाव त्या एका चुकीने थेट मर्यादेवर जाऊन बसतो. किट जास्त दाखवत असेल तर ते त्याहून वाईट, कारण पाण्यात क्लोरीन पुरेसं नसतानाही वहीत सगळं ठीक दिसतं.

डीपीडीचा, म्हणजे क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणाऱ्या रसायनाचा, घोळ दोन ठिकाणी होतो. १ नंबरची गोळी मोकळं क्लोरीन दाखवते. त्याच नळीत ३ नंबरची टाकली की एकूण क्लोरीन कळतं आणि वजाबाकी केली की बांधलेलं क्लोरीन, म्हणजे घाम-लघवीतल्या घटकांशी जोडलं जाऊन झालेले क्लोरामाइन. ३ नंबरच्या गोळीत पोटॅशियम आयोडाइड असतं. त्याचा नुसता माग नळीत उरला तरी पुढच्या वेळी १ नंबरच्या चाचणीतच क्लोरामाइन रंग देऊ लागतात. मोकळं क्लोरीन फुगतं, बांधलेलं जवळजवळ शून्य दिसतं. पाण्याला उग्र वास येतोय, पोहणाऱ्यांचे डोळे चुरचुरताहेत आणि बांधलेलं क्लोरीन रोज ०.१ च्या आत निघतंय, तर आधी नळी आणि काडी तपासा.

दुसरा घोळ थायोसल्फेटचा. अल्कलिनिटीच्या (पाण्याच्या क्षारतेच्या) चाचणीत क्लोरीन मारायला त्याचा थेंब पडतो. पीएच दाखवणाऱ्या रंगद्रव्यात, फिनॉल रेडमध्येही, ते बऱ्याचदा मिसळलेलंच असतं. तीच नळी नीट न धुता डीपीडीला घेतली की उरलेलं थायोसल्फेट नव्या नमुन्यातलं क्लोरीन खाऊन टाकतं आणि आकडा कमी येतो.

उपाय सोपा आहे. मोकळ्या क्लोरीनची नळी वेगळी, एकूणची वेगळी, पीएच-अल्कलिनिटीची वेगळी. तीन नळ्या, तीन काड्या, झाकणांवर तीन रंगांचे टिपके. चाचणी झाली की दोन मिनिटांत नळी रिकामी करायची, नळाखाली तीनदा खळबळायची, शेवटचं पाणी डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) घ्यायचं. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी चालतं, फक्त कॅनवर 'डीएम' किंवा 'डिस्टिल्ड' लिहिलंय ना ते बघा. काही ठिकाणी त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही विकायला ठेवलेलं असतं. धुतलेली नळी स्टँडवर पालथी सुकवायची. पुढची चाचणी करताना आधी तलावाच्याच पाण्याने दोनदा खळबळायची, मग खुणेपर्यंत भरायची.

आठवड्यातून एकदा काचेच्या नळ्यांना हायपोचं स्नान: १ लिटर डीएम पाण्यात १० टक्के हायपो १ मिली, नळ्या काठोकाठ भरून १ तास, मग भरपूर धुणं. काचेला चिकटलेली जी घाण नमुन्यातलं क्लोरीन शोषून घेते ती आधीच जळून जाते. रात्रभर तशीच राहून गेलेल्या डीपीडीचा गुलाबी-तपकिरी थरही याने उतरतो.

रेवस_बोर्डी

उत्तम धागा. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवेल दोन्हीचं पाणी घ्यावं लागतं. नळीच्या आत पांढुरका थर धरतो आणि तो हायपोने जात नाही. तारेच्या घासणीने काढला तर चालेल का?

थेंबेथेंबे

घासणी अजिबात नको, तारेची नको आणि हिरवीही नको. ओरखडा पडलेली नळी फोटोमीटरला (नळीतून प्रकाश सोडून रंग मोजणाऱ्या यंत्राला) कायमची बाद होते. तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा आहे. वाण्याकडे लिंबूसत्व मिळतं, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. एक चमचा पाव लिटर कोमट पाण्यात विरघळवा, नळी त्यात १५ ते २० मिनिटं बुडवून ठेवा. बारीक बुडबुडे यायचे थांबले की थर गेला. जुना, जाड थर असेल तर ३३ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड १० मिली, १ लिटर पाण्यात. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडवर नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: ॲसिडची सफाई आणि हायपोची सफाई एकापाठोपाठ करू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. मध्ये नळाखाली पाच-सहा वेळा स्वच्छ धुवायचं, आणि शक्यतो ॲसिड आज, हायपो उद्या. दोन्ही द्रावणं एकाच बादलीत ओतून देणं हीदेखील तीच चूक.

नळी ॲक्रिलिकची असेल तर स्पिरिट, सॅनिटायझर, ॲसिटोन यातलं काहीही लावू नका. प्लास्टिकमध्ये केसासारख्या बारीक चिरा पडतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण रंग तिथे मुरतो.

सुलक्षणा_म

भांड्याच्या लिक्विडने धुतलं तर नळी चकचकीत निघते. त्यात वाईट काय?

पंपरूम

चकचकीत निघते हे खरं, पण काचेवर साबणाचा पातळ पदर राहतो. तो क्लोरीन थोडं खातो, गोळी विरघळताना फेस आणतो आणि ते बुडबुडे नळीच्या भिंतीला चिकटले की फोटोमीटरच्या प्रकाशाच्या वाटेत येतात. सुगंधी लिक्विड तर नकोच. खोबरेल किंवा सनस्क्रीनचा तेलकट थर बसला असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर पाव लिटर कोमट पाण्यात सौम्य, बिनवासाच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ बाटलीब्रश, मग दहा वेळा धुणं आणि वर सांगितलेलं हायपोचं स्नान.

मुळात तेल नळीत येतं ते नमुना पृष्ठभागावरून घेतल्यामुळे. बाटलीचं तोंड खाली धरून हात कोपरापर्यंत बुडवायचा, साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर खोल, आणि तिथे बाटली सरळ करून भरायची. पाणी आत सोडणाऱ्या जाळीपासून लांब. नमुना उन्हात ठेवून गप्पा मारत बसायचं नाही. सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून जपणारं रसायन) नसलेल्या पाण्यातलं क्लोरीन उन्हाने भराभर उतरतं.

५१५नॅनो

फोटोमीटरबद्दल सविस्तर लिहितो, कारण महागडं यंत्र म्हणजे अचूक आकडा असा समज फार पसरलाय.

डीपीडीचा गुलाबी रंग यंत्र ५१५ ते ५३० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतं, फिनॉल रेड ५६० च्या आसपास. यंत्राला गुलाबी रंग आणि बोटाचा डाग यातला फरक कळत नाही. प्रकाश किती अडला एवढंच त्याला कळतं. म्हणून:

नळी झाकणाजवळ धरा, मधल्या भागाला बोट लावू नका. चष्म्याच्या दुकानात मिळणारं मायक्रोफायबरचं फडकं फक्त यासाठी राखून ठेवा. खिशातला रुमाल किंवा टिश्यू नको, धागे चिकटतात. नळीवरची खूण यंत्राच्या खुणेसमोर दरवेळी त्याच जागी आली पाहिजे, कारण काच सगळीकडे एकसारखी जाड नसते. शून्य करायला तलावाचंच पाणी आणि तीच नळी घ्यायची, शून्य झाल्यावर त्यातच गोळी टाकायची. शून्याला एक नळी आणि वाचनाला दुसरी घेतली तर दोन काचांतला फरक आकड्यात शिरतो.

गोळ्या दोन प्रकारच्या येतात. कंपॅरेटरच्या (डोळ्यांनी रंग जुळवायच्या साधनाच्या) झटपट विरघळणाऱ्या गोळ्या फोटोमीटरमध्ये वापरल्या तर न विरघळलेला भुगा पाणी गढूळ करतो आणि आकडा चढतो. पाकिटावर 'फोटोमीटर' लिहिलेल्या गोळ्याच घ्या. फॉइलमधून गोळी थेट नळीत पाडा, हाताला लागू देऊ नका. काडीने पूर्ण कुटा. मोकळं क्लोरीन १ मिनिटाच्या आत वाचा, एकूण २ मिनिटं थांबून.

पावसाळ्यात एसी ऑफिसमधून किट बाहेर आणलं की नळीवर आणि आतल्या लेन्सवर दव धरतं. किट १५ मिनिटं बाहेर राहू द्या, मग पुसा. नळी बसते त्या खोबणीत पाणी सांडलं तर कोरड्या कापसाच्या काडीने टिपा, फुंकर मारू नका. दोन महिने तलाव बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा. गळलेल्या सेलच्या क्षाराने संपर्क गंजतात, मग यंत्र मध्येच बंद पडतं आणि दोष बोर्डावर जातो.

यंत्रासोबत सीलबंद प्रमाण नळ्यांचा (ज्यांचा आकडा आधीच ठाऊक असतो अशांचा) संच मिळतो. महिन्यातून एकदा त्या लावून बघा. प्रमाण नळ्या बरोबर आणि तलावाचा आकडा विचित्र, तर दोष यंत्रात नाही. गोळी, नळी किंवा नमुना तपासा.

रेवस_बोर्डी

परवा सुपरक्लोरिनेशननंतर (एकदम जास्त क्लोरीन टाकल्यावर) डीपीडी पांढरं स्वच्छ आलं, ऑपरेटर म्हणाला क्लोरीन शून्य आहे. नळ्या धुतलेल्या होत्या.

५१५नॅनो

ते शून्य नव्हतं. क्लोरीन साधारण १० पीपीएमच्या वर गेलं की डीपीडीचा रंगच ब्लीच होतो. गोळी पडताक्षणी गुलाबी झाक चमकून गेली होती का ते विचारा. नमुना पातळ करा: २ मिली तलावाचं पाणी, ८ मिली डीएम पाणी, आलेल्या आकड्याला ५ ने गुणा. अशा वेळी हायपो टाकायचं नाही आणि आकडा उतरेपर्यंत कुणाला पाण्यात सोडायचं नाही.

पीएचलाही तेच होतं. जास्त क्लोरीनमध्ये फिनॉल रेड जांभळट होतं आणि पीएच ८.४ च्या वर गेल्यासारखा वाटतो. तो रंग बघून ॲसिड ओतू नका.

कातकरवाडी_कट्टा

गोळ्या आणि पाण्यात बुडवायच्या चाचणी-पट्ट्यांच्या साठवणीवर थोडं. पंपरूममध्ये हायपोचे कॅन, ॲसिड आणि टीसीसीएचे (सायन्युरिकयुक्त घन क्लोरीनचे) ड्रम असतात त्याच फळीवर किट ठेवलेलं दिसतं. तिथली वाफ रिएजंट (चाचणीची रसायनं) खराब करते आणि कंपॅरेटरचे बिजागरसुद्धा गंजवते. किटची जागा ऑफिसात, सावलीत, हवाबंद डब्यात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. निळ्याच्या गुलाबी झाल्या की मंद तव्यावर किंवा ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरता येतात. त्यातल्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाचा तवा वापरू नका. नारंगी जातीच्या मिळाल्या तर त्या घ्या.

पट्ट्यांच्या बाटलीत ओलं बोट गेलं की अख्खी बाटली गेली. डीपीडीची गोळी तपकिरी ठिपक्यांची असेल तर टाकून द्या. डीपीडीचं द्रावण काळपट झालं तर तेही. कंपॅरेटरची रंगचकती उन्हात राहिली की फिकी होते आणि मग सगळे आकडे चढे येतात. नवी चकती शेजारी धरून वर्षातून एकदा ताडून बघा.

अजून कुणी पिवळा रंग देणारं ऑर्थो-टॉलिडीनचं किट वापरत असेल तर ते बंद करा. ते मोकळं आणि बांधलेलं वेगळं दाखवत नाही आणि त्या रसायनावर कर्करोगाचा संशय आहे. कुठल्याही चाचणीचं पाणी परत तलावात ओतायचं नाही, मोरीत भरपूर पाण्यासोबत सोडायचं.

सुलक्षणा_म

पीएच मीटरचं टोक आम्ही आरओच्या पाण्यात बुडवून ठेवतो. ते स्वच्छच असतं ना?

काचबल्ब

तेच त्याला मारतं. प्रोबच्या आत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असतं. आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात ठेवलं की आतले क्षार बाहेर झिरपतात आणि संदर्भ इलेक्ट्रोड कमजोर होतो. टोपीत ३ मोलरचं पोटॅशियम क्लोराइड किंवा कंपनीचं साठवण द्रावण घाला. हाताशी काहीच नसेल तर ४ पीएचचं बफर (ठरलेल्या पीएचचं द्रावण) तात्पुरतं चालतं. डीएम पाणी फक्त धुवायला. टोपीवर पांढरे स्फटिक जमले तर घाबरू नका, तो क्षारच आहे, पाण्याने जातो.

धुतल्यावर काचेचा बल्ब पुसायचा नाही, टिश्यूने टिपायचा. घासल्याने स्थिर वीज बसते आणि आकडा बराच वेळ भटकत राहतो.

सफाई दोषाप्रमाणे. पांढरा क्षार असेल तर थेंबेथेंबे यांनी दिलेलं १० मिली ॲसिड १ लिटर पाण्यात, १५ मिनिटं. तेलकट थर असेल तर कोमट पाण्यात सौम्य लिक्विडचे थेंब, १० मिनिटं. प्रत्येक सफाईनंतर स्वच्छ धुवायचं आणि किमान १ तास साठवण द्रावणात ठेवायचं, त्यानंतरच कॅलिब्रेशन, म्हणजे बफरशी मीटर जुळवणं. सफाईनंतर लगेच कॅलिब्रेट केलं तर पुढचे आकडे सरकतात.

कॅलिब्रेशन आधी ७ च्या बफरने, मग १०.०१ किंवा ४.०१ ने. तलावाचं पाणी ७ च्या वर असतं, म्हणून ७ आणि १० ची जोडी तर्काला धरून आहे. पण १० चं बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली येतं. बाटली उघडी राहिली तर प्रमाणच चुकतं. लहान पाकिटातलं घ्या आणि वापरलेलं बाटलीत परत ओतू नका. तापमानही बघा, २५ अंश सेल्सिअसला १०.०१ असलेलं बफर ३० अंशाला ९.९६ च्या आसपास असतं. तक्ता बाटलीवरच छापलेला असतो.

प्रोब संपला कधी म्हणायचं? मीटर मिलिव्होल्ट दाखवत असेल तर ७ च्या बफरमध्ये शून्याच्या अलीकडे-पलीकडे ३० च्या आत हवा. ७ आणि ४ मधला फरक २५ अंशाला आदर्श १७७ मिलिव्होल्ट. तो १५० च्या खाली गेला आणि सफाईनंतरही वर आला नाही, तर नवा प्रोब घ्या. आकडा स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं लागत असतील तर तोही म्हातारा झालाय.

तरंग_ठाणे

डोसिंग पॅनेलवरचे (आपोआप रसायन सोडणाऱ्या यंत्रावरचे) पीएच आणि ओआरपीचे (पाण्याची जंतुनाशक ताकद मिलिव्होल्टमध्ये दाखवणारे) प्रोबही असेच का?

काचबल्ब

पीएचचा असाच. ओआरपीला कॅलिब्रेशनपेक्षा पडताळणी महत्त्वाची: ४७५ मिलिव्होल्टच्या द्रावणात बुडवा, १५-२० च्या फरकात यायला हवा. प्लॅटिनमचा पट्टा काळवंडला की प्रतिसाद मंदावतो. आधी तेच सौम्य ॲसिड लावा. तेवढ्याने भागलं नाही तर साध्या पांढऱ्या टूथपेस्टने ओल्या मऊ कापडावर हलकेच चोळा. जेल नको. पट्ट्याला चोळताना शेजारच्या काचेला धक्का लावू नका.

प्रोब काढण्याचा क्रम मात्र पाठ करा. पहिल्यांदा डोसिंग पंप बंद, नुसतं 'ऑटो'वरून काढून भागत नाही, प्लगच काढा. मग फ्लो सेलचे (प्रोब बसवलेल्या, पाणी वाहतं ठेवणाऱ्या कप्प्याचे) दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा आणि मगच प्रोब सोडवा. पंप चालू ठेवून ओआरपीचा प्रोब बाहेर काढला तर पॅनेलला क्लोरीन कमी आहे असं वाटतं आणि तो हायपो ढकलत राहतो. पीएचचा प्रोब हवेत राहिला तर ॲसिडही. मुख्य पंप थांबलेला असताना दोन्ही एकाच पाइपात साठले की आत क्लोरीन वायू होतो आणि पंप सुरू करताच तो पोहणाऱ्यांच्या तोंडाशी येतो. असे अपघात जगभर झालेत. फ्लो स्विच (पाणी वाहायचं थांबलं की डोसिंग तोडणारा) महिन्यातून एकदा तपासा: व्हॉल्व्ह बंद केला की डोसिंग आपोआप थांबलं पाहिजे. फ्लो सेलच्या आधीची गाळणीही तेव्हाच धुवा. ती तुंबली की प्रोबला शिळं पाणी मिळतं.

थेंबेथेंबे

थेंब मोजायच्या किटबद्दल कुणी लिहिलं नाही. अल्कलिनिटी आणि कॅल्शियम हार्डनेसच्या (पाण्याच्या जडपणाच्या) बऱ्याच किटांत २५ मिली नमुन्याला १ थेंब म्हणजे १० पीपीएम. थेंब लहान-मोठा झाला की हिशेबच गेला. बाटली सरळ उभी धरायची, तिरपी नाही. टोकाला सुकलेलं रसायन चिकटलं असेल तर ओल्या कापडाने पुसा. थंडीच्या कोरड्या हवेत थेंब लहान पडून बाजूला उडतात, ती स्थिर वीज. तेव्हाही टोक ओल्या कापडाने पुसलं की थेंब पूर्ववत होतो. झाकणांची अदलाबदल कधी करू नका. हार्डनेसमध्ये शेवटी स्वच्छ निळा न येता जांभळटच रेंगाळला तर पाण्यात तांबं आहे. पुन्हा चाचणी घ्या, या वेळी इंडिकेटरच्या (रंग देणाऱ्या रसायनाच्या) आधी टायट्रंटचे (मोजून टाकायच्या द्रावणाचे) ५-६ थेंब टाका आणि ते अंतिम मोजणीत धरा.

रेवस_बोर्डी

एक शेवटचं. सायन्युरिकच्या लांब नळीत तळाशी पांढरट डाग राहिलाय, काळा ठिपका आधीच पुसट दिसतो.

पंपरूम

तो मेलामाइनचा, म्हणजे या चाचणीतल्या रसायनाचा, गाळ. या नळीत तळाचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ढगाळ झालेलं पाणी भरून आकडा वाचतात, आणि डागामुळे ठिपका लवकर नाहीसा होतो, म्हणून सायन्युरिक आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. टीसीसीए वापरणाऱ्यांनी ही नळी जपलीच पाहिजे, कारण टीसीसीएने १० पीपीएम क्लोरीन दिलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक साठत जातं. चाचणी होताच कोमट पाणी आणि मऊ बाटलीब्रश, गाळ सुकू द्यायचा नाही. सुकलाच असेल तर कोमट पाण्यात तासभर भिजवून मग ब्रश फिरवा. ठिपका ओरखडला असेल तर नळी बदला. वाचताना सूर्याकडे पाठ करून, नळी कमरेच्या उंचीला, आणि नमुना २१ ते २४ अंशांच्या आसपास. पाणी थंड असेल तर ढगाळपणा वाढतो आणि आकडा चढतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत नमुना आधी खोलीत आणून ठेवा.